दिवसाला तीन आंघोळी

१२ जानेवारी
कॉलेज सोडून आज महिना. फर्स्ट इयरला येऊन जुनी जर्नलंच उतरवायची? सहादेव सरांना तोंडावर सुनावलं आणि निघालो. पस्तावा? अजिबात नाही! फक्त वर्गातली धनश्री दिसत नाही. ती गावात, आम्ही मळ्यात.

१५ जानेवारी
दिसली!! आमच्या दारात, हातात वही. वर्गात पोरं पेंगतात म्हणून सरांनी प्रोजेक्ट काढलाय — आपापल्या गावात कुठल्या घराला किती पाणी लागतं, ते आठवडाभर मोजायचं. (मी गेल्यावरच सुचलं ह्यांना!) आमची वस्ती तिच्याकडे. रोज येणार!! आमच्या पाण्याच्या निळ्या ड्रमवर तिनं मार्करने रेघा मारल्या. "बजरंग, खोटं सांगायचं न्हाई हं."

१८ जानेवारी
सकाळी आंघोळ. ती यायच्या आधी आंघोळ. तिला उशीर झाला, तोवर अंगावर धूळ बसली — परत आंघोळ. थंडीनं दात वाजतायत. आई म्हणाली, "आरं, म्हशीबी एवढ्या डुंबत न्हाईत!"

२१ जानेवारी
चूक पकडली! म्हशी हौदावर पितात, ते पाणी हिच्या वहीतच नाही. दोघांनी दुपारभर बादल्यांनी मोजलं. जेवायचंही विसरलो. असं शिकवलं असतं तर कशाला सोडलं असतं!
जाताना म्हणाली, "सरांनी तुझं नाव कापलं न्हाई अजून."
मी म्हशीकडे बघत बसलो.

२६ जानेवारी
ग्रामसभेत सरांनी प्रोजेक्टचा तक्ता वाचला. जास्त पाणी उडवणाऱ्यांत पहिलं घर — आमचं! म्हशी वगळून! माणसं तीन, पाणी पाच जणांचं. सरपंच केशरबाई म्हणाल्या, "काय रं बजरंग, लगीन काढलंय का घरात?" सभेत हशा फुटला. धनश्रीपण हसली! सरांसमोर! डोकंच फिरलं. "घाला तो प्रोजेक्ट विहिरीत!" ओरडलो आणि बाहेर. कॉलेज संपलं. धनश्री संपली.

२७ जानेवारी
आंघोळ केली नाही.

२८ जानेवारी
डेअरीवर धनश्रीची आई भेटली, मालनबाई. म्हणाली, "तू तडातडा निघून गेलास, मग सरांनी दुसऱ्या नंबरचं घर वाचून दाखवलं. आमचं! पोरगी तुमच्या मळ्यात यायची म्हंजी आधी डोक्यावरनं न्हायची. रोज!"
उद्या कॉलेजला जातोय. सर काय बोलतील ते बोलोत!