गोजाबाईंचं वजन

६ जानेवारी, सोमवार

दीड किलो गेलं! तीन आठवड्यांत दीड किलो! एकोणचाळीस चारशे. मी काट्याला एक चापट मारली, तर गोजाबाई म्हणतात, "त्याला कशाला मारती? त्यानं काय केलंय?"

चिडणं बरोबर नाही, कळतं मला. चौसष्ट वर्षांची बाई, पोटाचा कॅन्सर, कीमोच्या सहापैकी दोन डोस झालेले. आमच्या डॉक्टर साधना मॅडमनी घरच्यांना स्पष्ट सांगितलंय — आजार मुळापासून जाणार नाही, पण सगळे डोस पार पडले तर त्याला बराच काळ रोखून धरता येईल. आणि वजन असंच घसरलं तर डोस झेपायचे नाहीत, थांबवावे लागतील. म्हणजे सगळं येऊन ठेपलं वजनावर. म्हणजे माझ्यावर! आमच्या हॉस्पिटलच्या आहाराच्या अभ्यासात कॅन्सरचे चाळीस पेशंट. ते काय खातात, प्रोटीन पावडरचं दूध पितात का, वजन टिकतं का, हे सगळं मी लिहायचं. सोमवारी हे चाळीस आणि बुधवारी कमी वजनाची जन्मलेली बाळं. आठवडाभर नुसते किलो आणि ग्रॅम.

चाळिसांत लाडकं कुणी असू नये. आहे.

१३ जानेवारी, सोमवार

एकोणचाळीस पाचशे! शंभरच ग्रॅम, पण वर! मी टाळी वाजवली, वॉर्डातले सगळे बघायला लागले. तिसरा डोस झाला.

सुनेनं, मोनिकानं, खाण्याचा तक्ता सुंदर अक्षरात भरून आणलाय. पावडरचं दूध दोनदा, मऊ भात, अंडं. तिच्या कडेवर पाच महिन्यांची चिमी. तीही माझीच पेशंट, बुधवारची. जन्मली तेव्हा दोन किलो शंभर होती. एकाच घरातल्या दोघींचं वजन माझ्या गळ्यात!

१५ जानेवारी, बुधवार

गोजाबाई नातीबरोबर आल्या. तिळगूळ दिला. पण चिमीला काट्यात ठेवलं की यांचा पदर आकड्यावर! "मोठ्यानं वाचू नगं. दृष्ट लागती." शेवटी मी पदराखाली डोकं घालून आकडा वाचला — पाच चारशे — आणि गुपचूप लिहिला.

मग मधावरून भांडण. त्यांना चिमीला मध चाटवायचाय. मी म्हटलं, वर्षाच्या आत मध नाही म्हणजे नाही. "मी माझ्या कुलदीपला चाटवला व्हता. चाकणला कंपनीत सुपरवायझर हाय आता." मोनिका तोंड दाबून हसत होती.

२० जानेवारी, सोमवार

एकोणचाळीस आठशे!!!

२७ जानेवारी, सोमवार

चाळीस शंभर. दोन आठवडे सलग, तीनशे तीनशे ग्रॅम. आलेखावरची रेघ पट्टीनं ओढल्यासारखी सरळ. साधना मॅडमनी कागद हातात घेऊन पाहिला आणि म्हणाल्या, "नेहा, छान." मॅडम वर्षातून दोनदा छान म्हणतात. पुढच्या सोमवारचा चौथा डोस त्यांनी चाळीस किलोच्या हिशेबानं लिहिला.

घरी परतताना दापोडीला उतरल्यावर पेढे घेतले. पप्पा म्हणाले, "वजन त्या बाईचं वाढलं आणि पेढे तू खातेस?" खाल्ले. चार.

२९ जानेवारी, बुधवार

नीट क्रमानं लिहिते.

चिमीला आज काट्यात ठेवलं की किंचाळायची. राहिनाच. अशा वेळी आम्ही बाळाला घरच्या माणसाकडे देतो, दोघांना मोठ्या काट्यावर उभं करतो आणि त्यातून त्या माणसाचं वजन वजा करतो. गोजाबाईंनी चिमीला घेतलं. दोघी मिळून त्रेचाळीस किलो. खरं तर गोजाबाईंना लगेच एकटं उभं करायला हवं होतं. मी आळस केला. म्हटलं, परवाच तर मोजलंय, चाळीस शंभर. वजा केलं.

दोन किलो नऊशे!

साडेपाच महिन्यांची पोरगी दोन किलो नऊशे? गेल्या बुधवारी साडेपाच किलो होती! तोवर चिमी शांत झाली होती, तिला पुन्हा छोट्या काट्यात ठेवली. पाच सहाशे. पोरगी ठणठणीत. मग राहिलं कोण?

मी गोजाबाईंकडे बघितलं. त्या खिडकीकडे बघत होत्या.

"मावशी, एकट्या चढा बरं." सदतीस चारशे.

त्यांनीच सांगितलं मग. सोमवारी नऊवारीच्या ओच्यात बोल्ट! घरच्या भाड्यानं दिलेल्या खोल्यांवर पत्रे टाकले तेव्हाचे उरलेले जाडजूड, जुन्या लुगड्याच्या धडप्यात घट्ट बांधून, वाजू नयेत म्हणून. आधी तीन, मग सात, मग अकरा. बुधवारी चिमीचा वार, म्हणून आणले नव्हते.

"आणि पावडर?"

"गल्लीतलं कुत्रं पितंय. गुबगुबीत झालंय बघ!"

मी ओरडले. खूप ओरडले. डोस वजनावर ठरतो, जास्त गेला असता तर काय झालं असतं, कळतं का तुम्हाला, का केलंत असं? त्या चिमीचं टोपडं नीट करत राहिल्या. मग म्हणाल्या, "काट्याकडं बघून तुझं तोंड येवढंसं व्हायचं गं. म्हणलं, पोरीला जरा बरं वाटंल."

जाताना हात धरला माझा. "डाक्टरबाईंना सांगू नगं."

३० जानेवारी, गुरुवार

सांगितलं.

मॅडम रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं. एवढंच म्हणाल्या, "माणसाच्या वजनाची रेघ इतकी सरळ कधी पाहिलीस का?" नाही पाहिली. पण मला हवी होती ना ती सरळ! मला हवं होतं ते काट्यानं दाखवलं आणि मी टाळ्या वाजवल्या.

मोनिकाला फोन केला. ती रडायलाच लागली. "ताई, मी तर पेला भरून देत होते हो." तिनं दिलेलं लिहिलं. प्यायलं का, ते बघायचं काम माझं होतं.

पप्पांना सगळं सांगितलं. तीस वर्षं कारखान्यात मशीनवर काढलेला माणूस, त्यांना वेगळीच काळजी. "अकरा? कमरेला? आणि चालताना वाजले नाहीत? त्या बाईला पॅकिंगला घ्यायला पाहिजे." मला हसू आलं, मग रडू आलं.

३ फेब्रुवारी, सोमवार

सदतीस दोनशे. डोस दिला नाही. मॅडम म्हणाल्या, तीन आठवडे थांबू. अडतीसच्या वर आलं तर पुढे जाऊ. नाही आलं तर अवघड आहे.

गोजाबाई माझ्याशी बोलल्या नाहीत. कुलदीपला म्हणाल्या, "त्या फितूर पोरीला ईचार, जाऊ का आता?"

फितूर!

५ फेब्रुवारी, बुधवार

संध्याकाळी न सांगता रहाटणीला त्यांच्या घरी गेले. गोजाबाई दारातल्या ओट्यावर बसलेल्या, तोंड फिरवलं. मीही बसले शेजारी. मलाही कुठे घाई होती!

दहा मिनिटांनी विचारलं, "मावशी, खाताना नेमकं होतं काय?"

"लोखंड चाटल्यागत लागतं समदं. भात, दूध, पानीसुदिक."

माझ्या फॉर्मवर 'चवीत बदल — होय' अशी टिकमार्क डिसेंबरपासून आहे. मीच केलेली. पुढे एक शब्द विचारला नाही. कीमोत हे होतं, आणि स्टीलच्या ताटवाटीत जेवलं तर आणखी होतं, हे मी परीक्षेत पाच मार्कांना लिहिलंय! उठले, स्वयंपाकघरातून त्यांचं ताट, वाटी, पेला, चमचा सगळं बाजूला काढलं. मोनिकानं वास्तुशांतीच्या उरलेल्या पत्रावळी काढल्या, लाकडी पळी काढली, चहाचा चिनी मातीचा कप काढला.

"काय खावंसं वाटतं? काहीही सांगा."

त्यांनी पदराच्या टोकाला पीळ दिला. मग हळूच, "शेंगोळं."

हुलग्याचं पीठ, लसूण, जिरं, तिखट अगदी बेतानं. माझ्या तक्त्यात शेंगोळ्याला रकानाच नाही! मोनिका शहरातली, मी दापोडीची, दोघींनी मिळून वळले. गोजाबाईंनी पत्रावळीत बघितलं. "ह्ये शेंगोळं हाय का बोल्ट?" आणि हसल्या. मोजून सहा खाल्ले, वर रस्सा प्यायल्या.

बोलायला लागल्या माझ्याशी! उड्या मारत बसस्टॉपवर आले.

१० फेब्रुवारी, सोमवार

सदतीस पाचशे. आधी स्वतःच हात वर करून म्हणाल्या, "घे झडती." घेतली.

१६ फेब्रुवारी, रविवार

चिमीचं उष्टावण. मला आग्रहाचं बोलावणं. गोजाबाई आल्या-गेल्याला दारातूनच बजावत होत्या, "मध न्हाई हां! नेहाबाईचा हुकूम हाय."

मामानं, म्हणजे मोनिकाच्या भावानं, रोहिदासनं, चांदीच्या वाटीतून खिरीचं पहिलं बोट चिमीच्या तोंडात घातलं. पोरीनं असं तोंड केलं, जसं काही आम्ही तिला पावडर पाजली! थू करून सगळं बाहेर. सगळे हसले. गोजाबाईंनी ती वाटी घेतली, कोपऱ्यात बसल्या आणि नातीची उष्टी खीर बोटानं निपटून खाल्ली. मग मोनिकाकडे अजून मागितली! कीमोच्या पेशंटनं कुणाचं उष्टं खायचं नसतं. मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. काही बघितलं नाही.

त्या खाताना डोळे मिटतात. आज पहिल्यांदा पाहिलं. मला ही बाई हवी आहे. अभ्यासासाठी नाही, अशीच हवी आहे, आणि बराच काळ हवी आहे. लिहून टाकलं.

१७ फेब्रुवारी, सोमवार

सदतीस नऊशे! झडती घेतली. फक्त तंबाखूची रिकामी चंची निघाली. ती जप्त.

२३ फेब्रुवारी, रविवार

मोनिकाचा फोन. काल पिठलं-भाकरी, आज शेंगोळं आणि अंडं, वर मोसंबी. "मागून खातात हो ताई!" उद्या अडतीस नक्की. चौथ्या डोसची तयारी ठेवायला मॅडमना सांगून ठेवलंय. झोप येत नाही आनंदानं.

२४ फेब्रुवारी, सोमवार

अडतीस तीनशे. खरंखुरं. मॅडम म्हणाल्या, "चला, डोस देऊ."

गोजाबाई म्हणाल्या, "नगं. सुई टोचली की पुन्यांदा लोखंड. हे तीन हप्ते टोचलं न्हाई म्हणूनशान घास घासासारखा लागला. जेवढे दिस हायती तेवढे जेवू द्या."

मॅडमनी तासभर समजावलं. कुलदीप पाया पडला. मी भांडले, रडले. त्या माझे डोळे पुसत राहिल्या, पण डोस नको असल्याच्या कागदावर सही केली.

गोजाबाई अभ्यासातून बाहेर का पडल्या, ते कारण फॉर्मवर मलाच भरायचं होतं. लिहिलं — जेवण गोड लागू लागले.