कोणत्या गावचा बोहाडा?

दाभोसा,
२६ मे २०२५

सौ. कविता वहिनीस,
प्रतिभाचा सा. न. वि. वि.

सूर्यमाळला रेंज लागत नाही, म्हणून मंगळूच्या जीपमधून चिठ्ठी धाडते. वहिनी, मला दिवस गेलेत. पण काल जव्हारला सोनोग्राफी केली आणि माझा धीरच सुटला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ठोका आहे, पण तिसरा महिना अर्धा सरला तरी बाळ फार लहान आहे, वाढ मागे पडलीय. पंधरा दिवसांनी पुन्हा बोलावलंय. मागच्या वर्षीचं बाळ असंच गेलं ना गं!

पाळी बोहाड्यात, सोंगांच्या उत्सवात आली होती एवढंच मी सासूबाईंना सांगितलेलं. मला लाज वाटली, मग दवाखान्यात सगळं त्याच बोलल्या. त्या ओरडत नाहीत, पण नाचणीची भाकर वाढतात आणि संपेपर्यंत समोरून हलत नाहीत.

माझ्यावर माया राहू दे.

तुझी,
प्रतिभा


सूर्यमाळ,
३० मे २०२५

चि. प्रतिभास अनेक आशीर्वाद, वि. वि.

वेडाबाई, आधी डोळे पूस. तिसरा महिना आणलात कुठून? तुझ्या सासूबाईंच्या माहेरचा बोहाडा होळीला, आपला पाडव्यानंतर! आपल्याकडे सोंगं नाचली तेव्हाच तू माहेरी येऊन बाजूला बसलीस. पूजेला जाता येईना म्हणून ओट्यावर तोंड फुगवून बसलेलीस, आणि नणंदबाईंच्या वाटचे हंडेही मीच वाहिले. ते मी जन्मात विसरायची नाही!

म्हणजे सासूबाईंनी पाळीचे दिवस तीन-चार आठवडे आधीचे सांगितले. बाळ लहान दिसणारच की. पण मी काही डॉक्टर नाही गं, मलाही धाकधूक आहेच. पुन्हा दवाखान्यात गेलीस की लाज गुंडाळून ठेव आणि स्वतः बोल.

कळव लगेच, मी वाटेकडे डोळे लावून आहे.

तुझी वहिनी,
कविता


दाभोसा,
९ जून २०२५

सौ. वहिनीस सा. न. वि. वि.

वहिनी, बाळ सुखरूप आहे! खरी तारीख ऐकून डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला आणि पुन्हा तपासलं. बाळ दिवसांच्या मानानं अगदी मापात आहे, पंधरा दिवसांत वाढायला हवं तेवढं वाढलंय. बाळंतपण आता जानेवारीत.

सासूबाई आधी फणकारल्या, की बोहाडा म्हणजे आमच्या माहेरगावचाच, बाकीचा सगळा पोरखेळ. मग ठोका ऐकला आणि पदर तोंडाला लावला. परत ऐकवा म्हणाल्या. येताना जीपमधल्या अनोळखी बायांनाही सांगत होत्या, की सून चोख आहे, चुकले ते मीच. मला हसू आवरेना.

मागचं बाळ गेल्यापासून पोटावर हात ठेवायची माझी हिंमत नव्हती. आज दुपारी ठेवला, आणि तशीच झोपून गेले.

दादाला नमस्कार. लोभ आहेच, तो आता दोघांवर कर.

तुझी,
प्रतिभा