घोंगड्यातले बारके विंचू

३ नोव्हें., बंगळूर
परत तेच. दादा म्हणतो मी घोंगडं चोरलं. चोरलं कसं? आण्णा काय त्याच्या एकट्याचे बाप होते? त्याचं एकच पालुपद, गेल्या माणसाचं घोंगडं बाराव्याला देऊन टाकायचं असतं. देणार होता कुणाला, तर ओढ्याकडच्या त्या दारुड्याला. म्हणून बॅगेत कोंबलं आणि गाडी धरली. मी पण फोनवर नको ते बोललो.
ते आता अख्खं राहिलं नाही, हे मात्र सांगितलं नाही.

८ नोव्हें.
दुकानातल्या मॅडमनं पगार वाढवला. विंचवांमुळं. आम्ही काचेच्या बरण्यांत बारक्या बागा लावून विकतो, त्यांत पांढरी बारीक कीड पडली होती, शेवाळ मरत चाललं होतं सगळं. त्यातच खोलीवर घोंगडं झटकलं तर तिळाएवढे विंचू पडले. खेकड्यासारख्या नांग्या आहेत, शेपूट नाही, डंख नाही. घरी आण्णा मारू द्यायचे नाहीत. "राखणदार हायत रं, लोकरीतली कसर खात्यात." एक बरणीत सोडला. त्यानं कीड धरली आणि बसला चोखत. मॅडमनं इंग्लिश नाव सांगितलं, लांबलचक.
नुसत्या शेवाळात टिकेनात. लोकरीला सरावलेले. मग घोंगडं कातरलं. एकेका बरणीत एकेक तुकडा.

११ नोव्हें.
रोज सकाळी बरण्यांत पाण्याचा फवारा मारायचा. नंतर झाकण काढलं की ओल्या लोकरीचा वास. मेंढरं, तंबाखू. प्रत्येक बरणीतनं आण्णा. मॅडमला विचारलं, वास येतोय? म्हणाली, कसला.

१५ नोव्हें.
आईचा फोन. भांडली नाही, तेच वाईट.
"सपनात येत्यात रं. मेंढरांच्या वाघरीच्या जाळीपाशी हुबं ऱ्हात्यात. वलंचिंब. आता कुठला आलाय पाऊस?"
फवाऱ्याचं मी कुणाला बोललेलो नाही. दादाला नाही, कुणालाच

१६
पाणी मारलं नाही.

१८
आज पण नाही. शेवाळाची टोकं करपली. मॅडम लय बोलली, काम सोडायचंय का म्हणाली. ठरवलं, तुकडे काढून वाळवायचे, घरी धाडायचे. पहिलाच उचलला तर विणीत रेशमाचं पांढरं घर. आत मादी, पोटाखाली अंडी धरून. घर निम्मं फाटलं माझ्या हातानं. ती पळाली नाही. नांग्या वर करून तिथंच.
ठेवला परत. पाणी मारलं सगळ्यांवर. मारताना डोळे मिटले होते.

१९ नोव्हें.
आई म्हणाली, अख्खं नको, एक चिंधी तरी धाड, उनात घालते. फोन दादाकडं द्यायला लावला आणि त्याला सगळं सांगितलं. कात्री, बरण्या, पाणी. वाटलं शिव्या घालंल. नाही घातल्या. मग म्हणाला म्हसवडच्या बाजारातनं नवं आणतो, आण्णांच्या नावानं देऊन टाकू, आईला सांगू तेच हाय. मी म्हटलं चालंल.
तर म्हणतो, "आईला फसवीन रं मी. आण्णास्नी कोण फसवणार?"

२२ नोव्हें.
अंडी फुटली. त्या मादीच्या अंगावर पिल्लं, दुधासारखी पांढरी. मॅडम फोटो काढत होती.
फवारा मारला. थोडाच.
घरचा फोन नाही. मीच दादाला केला. घोंगडं काळं घे म्हटलं, जाड, घट्ट विणलेलं, पाणी आत जाणार नाही असं. तीन हजार पाठवतोय.