खरखरीचा रकाना

१९ नोव्हेंबर १९५६

तारांच्या झाळणीतला कच्चा टाकाच तो, दुसरं काय! एवढं कोकिळाला कळू नये? माझी जुनी विद्यार्थिनी, आता आमच्याच शाळेत विज्ञान शिकवते.

जोडणी मात्र झकास केलीय. निऑनचा दिवा, कंडेन्सर, बॅटऱ्या. बाहेरून एक ठरलेला सूर द्यायचा, कंडेन्सर फिरवत जायचं, रिसीव्हर कानाला. सूर हळूहळू उतरत नाही — एकदम निम्म्यावर येतो, मग तिसऱ्या हिश्शावर. मधे कुठे थांबतच नाही. म्हणाली, अणूतला इलेक्ट्रॉन अशीच उडी मारतो ना? शाब्बास! पण दर उडीच्या आधी रिसीव्हरमध्ये नुसती खरखर, कच्च्या टाक्याची. तिने वहीत त्याचाही रकाना आखलाय.

२३ नोव्हेंबर

सगळे टाके तिने पुन्हा मारले. खरखर आहे तिथेच.

"टाका कच्चा असता तर कुठेपण खरखरला असता, सर. ही तर जागा धरून आहे. अणूतपण उडीच्या आधी असं काही होत असेल का?"

मला उत्तर येत नव्हतं. तेवढं कबूल करायला माझं काय जात होतं? मी म्हणालो, अणू म्हणजे बिघडलेला रेडिओ नव्हे. खोलीतले सगळे शिक्षक हसले. तीही हसली, जरा उशिरा.

२७ नोव्हेंबर

जबलपूरच्या एका प्राध्यापकांनी तिचं टिपण मागवलंय. पसंत पडलं तर तिथल्या प्रयोगशाळेत जागा! पहिल्या तारखेपासून नागपूर मुंबई राज्यात गेलं, आम्ही राहिलो इकडेच, मध्य प्रदेशात — तेव्हा टिपण हिंदीत हवं. तिची हिंदी बाजारापुरती. मी करून दिलं.

खरखरीचा रकाना गाळला. तिचं हसं व्हायला नको. तिला बोललो नाही.

२८ नोव्हेंबर

टिपण तिनेच टपालात टाकलं.

१४ डिसेंबर

नकार. प्राध्यापक लिहितात, दर वेळी आवाजच उडत असेल तर प्रयोग साधला कुठे? उड्यांच्या रकान्याच्या डोक्यावर मी 'आवाज-उडी' तसंच ठेवलं होतं! 'छलाँग' लिहायचं सोडून! त्यांनी हिंदीतलं 'उड़ी' वाचलं, म्हणजे आवाज उडाला, गेला. दिवसभर दोन्ही भाषांची खिचडी करून बोलतो आम्ही, कुठला शब्द कुठला हेच कळेनासं झालंय.

ही चूक तिच्याजवळ लगेच कबूल केली. गाळलेल्या रकान्याचं मात्र तोंडातून निघालं नाही. स्वतःची लाज वाटते.

१५ डिसेंबर

शाळा सुटल्यावर एकटाच जोडणीपाशी बसलो. नवा दिवा, नवे टाके. खरखर त्याच जागी! तीन वेळा पाहिलं. पोरीचं बरोबर होतं, आणि मी तिला सगळ्यांसमोर हसलो.

प्रयोगशाळेतली जागा अजून भरलेली नाही म्हणतात. सोमवारी तिची मूळ वही जबलपूरला पाठवतो, सोबत माझा माफीनामा.

१७ डिसेंबर

तिला सगळं सांगितलं. वही मागितली.

"मला माहीत होतं, सर. टपालात टाकायच्या पहिलेच वाचलं होतं मी. तुम्ही गाळलं म्हणजे चूकच असणार. मग मीपण वहीतली ती पानं फाडून चुलीत घातली."