पुशरॉडचं निळं टोक

२ फेब्रुवारी, सोमवार

विकायची नाही म्हणजे नाही! मुलाचा फोन — गिऱ्हाईक ठरवलंय, रविवारी दहाला येईल. मोटरसायकल माझी, आणि गिऱ्हाईक ठरवणार हा!

डिसेंबरात बल्ब बदलताना स्टुलावरून पडलो, डावं मनगट मोडलं. त्या दिवशी टॅक्सीसाठी फाटकापाशी पाऊण तास उभे होतो, मी आणि ही. मग सहा आठवडे प्लास्टर. मग रोज सकाळी व्यायाम शिकवणाऱ्या बाईंकडे तासभर स्पंजचा चेंडू दाबत बसणं. आज दोन महिन्यांनी गाडीवर बसलो. आरसे कुणीतरी खाली झुकवलेले — गल्लीतली पोरं, दुसरं कोण! सरळ केले. क्लच पुरता दाबला, गिअर टाकला, तर गाडीने टुणकन उडी मारली आणि फाटकावर आदळली. एक कुंडी गेली. ही शिवणयंत्र सोडून धावत आली, कुंडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, काही बोलली नाही. नेहमी बोलते.

चूक माझी. बावळटासारखं हे सगळं मुलाला हसत हसत सांगितलं. तो म्हणाला, “बाबा, हातात जोर राहिला नाही आता. मान्य करा.”

ते फार लागलं.

३ फेब्रुवारी, मंगळवार

चेंडू शंभर वेळा दाबला. हात ठणठणीत! दोष क्लचचाच आहे. रविवारच्या आत सिद्ध करून दाखवीन, तेही घरीच.

४ फेब्रुवारी, बुधवार

व्हरांड्यात गाडी उघडली. डाव्या बाजूचं झाकण काढलं, आतून पुशरॉड ओढला. पेन्सिलीएवढा लोखंडी दांडा. क्लच दाबला की हाच पुढे सरकतो आणि क्लचच्या प्लेटी सुट्या करतो. हा नीट सरकला नाही, तर आपण वर कितीही जोर लावा!

गाडी उजवीकडे झुकवून ठेवायची असते, हे मी विसरलो. स्टँडवर डावीकडेच कललेली. दांड्यामागोमाग ऑईलची धार लागली आणि दांड्याच्या पुढची वाटाण्याएवढी स्टीलची गोळीही टणटणत पसार झाली. अर्धा तास जमिनीवर पालथा! शेवटी हिने टाचण्या उचलायचं लोहचुंबक आणून दिलं. चपलांच्या कपाटाखालून गोळी निघाली, आणि हिच्या तीन हरवलेल्या सुया. ऑईल पुसायला कापडाच्या कापलेल्या चिंध्याही हिनेच टाकल्या. वर ऐकवलं, “तुमच्या दुरुस्तीत माझाच फायदा जास्त.”

दांड्याचं टोक निळं पडलंय, कडेला चेपलंयही. म्हणजे हाताचा दोष नाही! जेवताना दोनदा वाढून घेतलं.

५ फेब्रुवारी, गुरुवार

दांडा घेऊन स्पेअर पार्टच्या दुकानात गेलो. दुकानदाराने कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला, नव्या दांड्याशेजारी जुना ठेवला. जुना नखभर आखूड! मी खुशीत. तेवढ्यात त्याने सगळ्या गिऱ्हाइकांसमोर विचारलं, “काका, क्लच अर्धा दाबून गाडी चालवता का? नवशिके चालवतात तसं? त्यानेच टोक तापून निळं पडतं.”

मी! चौतीस वर्षं गाडी चालवतोय, गिअर बदलला की क्लचवरून बोटं उचलणारा माणूस! त्याने ऐकून घेतलं, पण डोळ्यांत हसू होतं. नवा दांडा घेऊन तडक घरी आलो.

आणि मग डोक्यात प्रकाश पडला. आयुष्यभर लोकांच्या घरची पाण्याची मीटरं वाचली. सवय जात नाही, दर रविवारी गाडीचंही मीटर याच वहीत लिहितो. पडलो त्या रविवारी, सात डिसेंबरला लिहिलंय — ४१,२०८. त्यानंतर नोंद नाही. गाडी उभीच होती ना! आज पाहिलं — ४१,५२६.

तीनशे अठरा किलोमीटर! उभ्या गाडीने! कुठेतरी पाणी मुरतंय.

हिला सांगितलं. ती यंत्राच्या सुईत दोरा ओवत होती. म्हणाली, मीटर बिघडलं असेल. मीटर बिघडलं म्हणे! हे मला सांगते!

६ फेब्रुवारी, शुक्रवार

संशय मेहुण्यावर. आमची शिडी, आमची करवत, आमची छत्री, सगळं त्याच्याकडेच तर असतं. फोन करून सरळ विचारलं. तो खदाखदा हसला. म्हणाला, “दाजी, मी नाही. पण शोधा, नक्की शोधा.” निर्लज्ज!

संध्याकाळी ही सहज विचारते, अर्धा क्लच दाबून चालवलं तर एवढं काय बिघडतं? मी कागदावर चित्र काढून समजावलं. वीस मिनिटं. इतकं लक्ष देऊन हिने माझं कधीच ऐकलं नव्हतं. बरं वाटलं.

७ फेब्रुवारी, शनिवार

जमलं! जमलं!

आज गाडी उजवीकडे झुकवून भिंतीला टेकवली, मध्ये जुनी गादी. गोळीला ग्रीस फासून आत सरकवली, मागोमाग नवा दांडा. झाकण लावलं. क्लचच्या दांडीला नाण्याच्या जाडीएवढी ढिलाई ठेवली. बोल्ट घट्ट करताना मनगट दुखलं, ते हिला कळू दिलं नाही. तिला कळलंच. पाना हातातून घेतला आणि शेवटचे दोन बोल्ट तिने आवळले.

गल्लीला तीन फेऱ्या मारल्या. क्लच लोण्यासारखा! उडी नाही, खडखड नाही. मुलाला फोनवर इंजिनाचा आवाज ऐकवला. तो म्हणतो, “दुरुस्त झाली, छान, आता भाव चांगला येईल.” काय बोलावं याच्यापुढे! तरी उद्या गिऱ्हाइकाला दारातूनच परत पाठवणार.

चोर मात्र अजून सापडला नाही.

८ फेब्रुवारी, रविवार

दहाला गिऱ्हाईक आलं. मी छाती काढून बोलणार, तेवढ्यात ही हेल्मेट घालून बाहेर आली आणि त्याला म्हणाली, “गाडी विकायची नाही. मला लागते.”

 गिऱ्हाईक गेल्यावर मला म्हणाली, “त्या दिवशी गाडी दारात, किल्ली खिळ्याला, आणि आपण पाऊण तास रस्त्यावर. तुमचा हात सुजत चालला होता. पुन्हा तसं उभं राहायचं नाही मला.” ड्रायव्हिंग स्कूलच्या बाईंनी शिकवलं म्हणे, बदल्यात हिने त्यांचे गणवेश शिवून दिले. मी चेंडू दाबायला गेलो की ही गाडीवर! शिकाऊ परवानाही दाखवला. फोटोत हसतेय.

मागे बसलो. चौकापर्यंत क्लच अर्धा दाबलेलाच. एकदा सांगितलं, दुसऱ्यांदा गप्प राहिलो. निघताना तिने आरसे पुन्हा खाली झुकवले होते. राहू दिले.

मीटर — ४१,५३९.