मुखरूच्या अंगणातलं लाकूड

नवी दिल्ली,
१४ नोव्हेंबर २००४

ती. गिरजाबाईस,
धाकट्या भावाचा, राजदीपचा, सविनय जयभीम. वि. वि.

ऑक्टोबरात खैरटोल्याला तुझ्याकडे राहून गेलो, त्याचं फळ मिळालं. ऊर्जाबदल, हवामान आणि प्रादेशिक सुरक्षा या विषयावरचा माझा अहवाल संस्थेने स्वीकारला. मोठमोठे साहेब ऐकायला आले होते. तुला कळेल अशा भाषेत सांगतो. चंद्रपूरचा कोळसा जाळून मुंबईचे दिवे लागतात आणि तुझे गावकरी मात्र अजून लाकूड फुंकत बसतात. जंगल तुटतं, हवा बिघडते, आणि जिथे गॅस पोचत नाही तिथे बंदूकवाले पोचतात. तू म्हणशील, हे आम्हाला माहीत आहे. पण माहीत असणं वेगळं, सिद्ध करणं वेगळं.

सगळ्यात पक्का पुरावा तुझ्या शाळेमागच्या शेवटच्या घरी मिळाला. माणसं चार आणि अंगणात लाकडाची रास छपरापर्यंत! एवढं कुणासाठी, असं विचारलं तर तो माणूस मान खाली घालून गप्प. मी लिहिलं की जंगलातल्या टोळ्यांना इथून रांधून जातं. साहेबांनी गावाचं नाव टिपून घेतलं. आता बहुधा जर्मनीलाही बोलावतील.

बल्लारपूरच्या क्वार्टरात कोळशाच्या शेगडीवर वाढलेला आपला राजदीप कुठे पोचला, ते शाळेत मुलांना सांग. तुझ्या हातच्या मटणाची आठवण येते, जरा धुरकट असलं तरी.

लोभ आहे तो राहू दे.
तुझा राजदीप

*

खैरटोला,
३ डिसेंबर २००४

चि. राजदीप यास,
आशीर्वाद. नेहमी अनेक लिहिते, या वेळी एकच.

तुझं कौतुक मुलांना सांगितलं नाही. शाळेमागचं शेवटचं घर मुखरूचं आहे. तू त्याच्या त्या राशीला टेकून त्याच्याच घरचा चहा प्यालास. ती रास त्याच्या मुलीच्या, सुकरीच्या, लग्नाची. इथे सोयरीक जुळली की घरोघरून एकेक भारा मुलीच्या अंगणात येतो आणि लग्नात गावाचं नि वरातीचं जेवण त्यावर शिजतं. रास उंच असली की पोरीच्या पाठीशी गाव आहे, हे व्याह्यांना वेगळं सांगावं लागत नाही. आणि साक्षगंध होऊन सोयरीक पक्की होईपर्यंत बाप परक्यापुढे लग्नाचा विषय काढत नाही. दृष्ट लागते म्हणतात. म्हणून मुखरू गप्प राहिला. पण लागलीच की दृष्ट, चांगली शिकलेली.

परवा सकाळी पोलिसांची गाडी आली. रास उपसून लाकूड भरून नेलं आणि त्यासोबत मुखरूलाही. कुणाला रांधून घालतोस, एवढंच त्याला विचारतात. मी ठाण्यात जाऊन सगळं समजावलं. साहेब म्हणाले, दिल्लीच्या अहवालात लिहिलं आहे, बाई, तुम्ही आपली शाळा सांभाळा. तो अहवाल माझ्या भावाचा आहे हे सांगायची मला लाज वाटली. मुखरूच्या बायकोला, बायनाबाईला, मी अजून सांगितलेलं नाही. ती रोज माझ्याच दारी येऊन बसते.

माझ्या घरी मटण ओरपताना तू मला जगाचं हवामान शिकवलंस. ती रास कसली, एवढं विचारलं असतंस तर जीभ झिजली नसती. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात; तुझा तर दुसऱ्याच्या शेतात शिरला. वडशाच्या नाटकातला खलनायक तुझ्यापेक्षा बरा, तो निदान तोंड रंगवून येतो.

आता एकच काम कर. आपल्या सहीने ठाण्याला आणि तुझ्या त्या दिल्लीच्या साहेबांना लिही की तू चुकलास. लग्न फेब्रुवारीत आहे. व्याही लटारूभाऊ अजून थांबले आहेत, पण त्यांच्या गावात कुजबूज सुरू झाली आहे.

तुझ्या पत्राची वाट पाहणारी,
बाई

*

नवी दिल्ली,
२० डिसेंबर २००४

ती. बाईस,
सविनय जयभीम. वि. वि.

तू भावनेच्या भरात लिहिलंस, म्हणून राग मानला नाही. झालं ते वाईट झालं. पण मी अहवालात कुणाचंही नाव घेतलेलं नाही, मी फक्त दिसलं ते नोंदवलं. पोलीस त्याचं काय करतात, हा माझ्या अभ्यासाचा विषय नाही.

आत्ताच चुकलो म्हणून लिहून दिलं तर संस्थेची शोभा होईल आणि जर्मनीचंही बारगळेल. ते फेब्रुवारीअखेर ठरायचं आहे, तोवर धीर धर. दुसऱ्या आवृत्तीत मी तळटीप घालणार आहे, की अशा साठ्यामागे सांस्कृतिक कारणंही असू शकतात. याहून जास्त कुणी करणार नाही.

सुकरीसाठी साडी पाठवतो आहे. तुझा राग लवकर उतरू दे.

तुझा राजदीप

*

खैरटोला,
१८ फेब्रुवारी २००५

राजदीप,

साडी परत पाठवते आहे. सुकरीला दाखवली नाही.

मुखरू जानेवारीत सुटला, तुझ्यामुळे नव्हे. लटारूभाऊ आपल्या गावची माणसं घेऊन ठाण्यात गेले आणि म्हणाले की ते जेवणारे आम्हीच, आम्हाला बघून घ्या. मुखरू घरी आला, पण आता एका कानाने त्याला नीट ऐकू येत नाही. बायनाबाईला मी सगळं सांगितलं. त्यानंतर ती माझ्या दारी आली नाही.

काल लग्न झालं. एकाही घरून भारा आला नाही. ज्याच्या अंगणात लाकूड दिसेल त्याच्या दारात गाडी येईल, असं सगळ्यांच्या मनात बसलं आहे. शेवटी वडशाच्या नूरुद्दीन मंडपवाल्याकडून गॅसचे सिलिंडर आणले आणि त्यावर जेवण झालं. गाव जेवायला आलं, रिकाम्या हातांनी, खाली बघत. मीही त्यातच होते. गावात माझं वजन आहे असं मी समजत होते, पण एक भारा न्यायची माझीही छाती झाली नाही.

हळद लागलेली सुकरी दारात उभी राहून मोकळं अंगण बघत होती. मला म्हणाली, "बाई, माह्या पाठीशी गाव नाई का?"

तुझी तळटीप म्हणजे वरातीमागून घोडं. ती घालू नकोस. त्यापेक्षा दुसऱ्या आवृत्तीत लिही की खैरटोल्याने लाकूड सोडलं, गॅस धरला; धूर गेला, धोका गेला. जर्मनीत टाळ्या पडतील, आणि त्यात खोटं काहीच नसेल.

मला फक्त सुकरीला काय सांगू ते कळव. ते सापडेपर्यंत या घरी येऊ नकोस, आणि माझ्याकडे लोभही मागू नकोस.

गिरजा