तीनशे सोळा तोंडे आणि एक मत

मी, ह्या कागदाच्या शेवटी सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, अविवाहित, धंदा कवळ्या बनवण्याचा (आता निवृत्त), आज सकाळी चहा घेऊन, चष्मा पुसून आणि दार आतून लावून हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरीणबाईंनी काल तपासून तसे लेखी दिले आहे, ते सोबत जोडले आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही, धाकही घातलेला नाही. सहा वर्षांपूर्वी मी एक मृत्युपत्र केले होते. ते रागाच्या भरात केले होते, म्हणून रद्द समजावे.

कलम १. ह्या मृत्युपत्राची अंमलबजावणी माझ्या बहिणीच्या मुलीने करावी. ती पुलांच्या कंपनीत अभियंता आहे आणि वजन कुठे पडते हे तिला कळते. तिने आईची किंवा माझी बाजू घेऊ नये. कागदात लिहिले आहे तेवढेच करावे.

कलम २. रस्त्याच्या बाजूच्या दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि जिना माझ्या धाकट्या बहिणीला मिळावा. तिला घराची गरज नाही हे मला ठाऊक आहे. पण आई जाताना म्हणाली होती, धाकटीला अंतर देऊ नकोस. त्या शब्दाखातर देते आहे. मनापासून देते आहे असे खोटे लिहिणार नाही.

धाकटीविषयी माझे म्हणणे इथेच मांडते. लहानपणी चित्रपटाचे वेड मला होते, तिला नव्हते. नऊ वर्षांची असताना मी पडद्यावर रेघांनी काढलेला एक कोल्हा नदी ओलांडताना पाहिला. कोणीतरी बसून एकेक लाट कागदावर काढली आहे, ह्याचा मला इतका अचंबा वाटला की आठवडाभर मी वहीच्या कोपऱ्यात कोल्हे काढून पाने फडफडवत बसले. धाकटी त्याच खेळाला शेजारच्या खुर्चीत झोपली होती. पुढे मी दंतवैद्यांच्या मागच्या खोलीत कवळ्या बनवायला लागले आणि ती चित्रपटांच्या जाहिरातीच्या कचेरीत लागली. वेड माझे, नोकरी तिची. तेव्हापासून माझ्या पोटात दुखते आहे.

पुरस्कारांचा प्रचार हे तिचे काम. ज्यांना ते ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. मत देणाऱ्यांच्या घरी भेटवस्तूंच्या पेट्या पाठवायच्या, त्यांच्या येण्याजाण्याच्या रस्त्यावर फलक लावायचे, त्यांना जेवायला बोलावून दिग्दर्शकाच्या हालअपेष्टांची गोष्ट ऐकवायची. चित्रपट बघा असे कोणी म्हणत नाही. आमची आठवण ठेवा, एवढेच म्हणतात. हे अठरा वर्षे केल्यावर पुरस्कार देणाऱ्या मंडळाने तिलाच सभासद करून घेतले आणि तिला मत मिळाले.

पहिल्याच वर्षी तिने अ‍ॅनिमेशनचा रकाना आपल्या आठ वर्षांच्या मुलीपुढे धरला. मुलीने बोलणाऱ्या बसच्या चित्रपटावर बोट ठेवले, धाकटीने तिथे खूण केली. मी समोर बसले होते. त्या वर्षीचे पाचही चित्रपट मी पाहिले होते, दोन तर तीनदा. निदान मला विचारायचे तरी, असे मी म्हटले. ती म्हणाली, "ताई, ही कार्टूनं मुलांचीच असतात गं. मुलांनाच कळतं."

मी उठले. घरी आले आणि एक कवळी इतकी घासली की ती बाद झाली.

कलम ३. माझ्या सत्तावीस वह्या भाचीला मिळाव्यात. पाहिलेला प्रत्येक अ‍ॅनिमेशनपट त्यांत तारखेसह नोंदला आहे. माझी मतेही आहेत. ह्या चित्रपटांना वेगळा पुरस्कार देतात तो मान नव्हे. पाहुणे आले की मुलांना आतल्या खोलीत जेवायला बसवतात, तसला तो प्रकार आहे, हे मत कायम ठेवावे. चित्रफलकावर आवाज देणाऱ्या नटाचे नाव हातभर मोठे असते आणि चार महिने बसून त्याचा एक हात हलवणाऱ्याचे नाव भिंगातूनही दिसत नाही, हेही कायम ठेवावे. पात्रांचे डोळे दरवर्षी मोठे होत चालले आहेत आणि त्यांत बघण्यासारखे कमी होत चालले आहे, ह्यावर वाद घालायला हरकत नाही.

वह्यांतली निम्मी मते मत्सरातून लिहिली आहेत. कुठली निम्मी ते भाचीने ठरवावे. अकराव्या वहीत एका आठ वर्षांच्या मुलीवर रागावून मी चार पाने भरली आहेत. मागच्या वर्षी बोलणाऱ्या बसचा चित्रपट पुन्हा पाहिला. पाचांत तोच चांगला होता. ती पाने फाडू नयेत, पण समासात मी तसे लिहून ठेवले आहे.

कलम ४. प्रचाराच्या पेट्यांतून आलेल्या वस्तू धाकटी मला देत असे. चित्रपटांची नावे विणलेल्या नऊ चादरी, चौदा कप आणि दोन छत्र्या आहेत. त्या इस्पितळाच्या वृद्धांच्या कक्षाला द्याव्यात. त्यांतला एकही चित्रपट आता कोणाला आठवत नाही. चादरी मात्र उबदार आहेत.

कलम ५. बँकेत जे असेल ते भाचीला. त्यावर सांगण्यासारखे काही नाही.

कलम ६. घरामागची माझी कामाची खोली, तिच्यातले टेबल, दिवा, पॉलिशचे यंत्र, मेणाच्या सुऱ्या, साचे आणि कप्प्यांचा पत्र्याचा डबा हे सर्व शेजारच्या गॅरेजात बाहुल्या बनवणाऱ्या बाईला मिळावे. आम्ही तिला बाहुलीवालीच म्हणतो. ती कोण आणि तिचे माझ्याकडे काय निघते, हे मला नीट सांगायला हवे.

ती पंधरा वर्षांपूर्वी गॅरेज भाड्याने घेऊन राहायला आली. एके दिवशी तळहातावर एक बोटभर उंचीचा चेहरा घेऊन माझ्या दारात उभी राहिली. बाहुलीचा जबडा तुटला होता. दातांचे काम करणारी बाई शेजारी आहे, असे तिला कोणीतरी सांगितले होते. ती बाहुल्या टिचभर हलवून, फोटो काढून, पुन्हा हलवून चित्रपट करत होती. बंद पडत चाललेल्या इमारतीतल्या लिफ्टचालकाची गोष्ट होती. मी जबडा जोडला. मग तिला सांगितले, की मातीचे तोंड दर वेळी बदलते, टिकत नाही. कवळीला वापरतो त्या गुलाबी प्लास्टिकची तोंडे करू. 'आ'चे वेगळे, 'ई'चे वेगळे, 'प' म्हणताना मिटलेले वेगळे. ती चेहऱ्यावर एकामागून एक बसवायची.

नऊ वर्षांत मी तीनशे सोळा तोंडे केली. लिफ्टचालक म्हातारा होत जातो तसे त्याचे दात झिजवले. शेवटच्या दृश्यात तो बोलणार होता. मी म्हटले, त्याला मिटलेलेच तोंड दे, ओठ फक्त थोडे आत ओढलेले, दात गेलेल्या माणसाचे असतात तसे. तिने ते ऐकले. त्या दृश्याला लोक रडतात.

पहिल्यांदा रडली ती धाकटी. गॅरेजच्या भिंतीवर तिने चित्रपट पाहिला आणि ह्याचा प्रचार मी फुकट करीन म्हणाली. मला वाटले, एवढ्या वर्षांनी ही माझ्या बाजूला आली. मग फोटो काढायचा दिवस उगवला. मी नवा सदरा घालून गेले होते. छायाचित्रकाराने दिवे लावले, धाकटीने इकडेतिकडे पाहिले आणि मला जरा बाजूला हो म्हणाली. मी झाले. अजून जरा, म्हणाली. मी दाराबाहेर आले.

आठवड्याने फलक लागला. गॅरेजात एकटी बसलेली बाहुलीवाली आणि खाली मोठ्या अक्षरांत: 'नऊ वर्षे. एकटीने.'

मी धाकटीला फोन करून विचारले, की नऊ वर्षे मी काय माशा मारत बसले होते का. तिने समजावले: मत देणारा एकच ओळ लक्षात ठेवतो, एकटी बाई ही ओळ आहे, दोघी बायका ही ओळ होत नाही. तिचे म्हणणे धंद्याच्या दृष्टीने बरोबर होते. मला जास्त लागले ते बाहुलीवालीचे. तिने तो फलक पाहिला होता आणि ती माझ्याशी त्याबद्दल अवाक्षर बोलली नव्हती. मी दातओठ खात तिच्या बाहुलीसाठी तुटलेले तोंड दुरुस्त करत राहिले, कारण पाहुण्यांना दाखवायला ती बाहुली हवी होती.

कलम ७. हे कलम मालमत्तेचे नाही, पण ते लिहिल्याशिवाय बाकीची कलमे कोणाला कळायची नाहीत.

मतदानाच्या शेवटच्या दिवशी धाकटीच्या दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या होत्या. शस्त्रक्रियेची तारीख तिला बदलता आली नव्हती. भाची परगावी होती, म्हणून तिने मला बोलावले. दुपारचे तीन वाजले होते. मी तिच्या अभ्यासिकेत संगणकासमोर बसले, ती पलीकडच्या खोलीत पलंगावर पडून एकेक रकाना सांगत होती. अ‍ॅनिमेशनचा रकाना आल्यावर म्हणाली, "इथे आपली बाहुलीवाली. बाकी काही बघू नकोस."

आयुष्यभर मला एक मत हवे होते. ज्यांनी चित्रपट न पाहता मत दिले, ओळखीला दिले, जेवणाला दिले, त्यांना मी सत्तावीस वह्या शिव्या घातल्या होत्या. आता ते मत माझ्या बोटाखाली होते आणि यादीत त्या वर्षीचा सर्वांत चांगला चित्रपट होता. त्याच्या नावावर बोट नेले तेव्हा मला चित्रपट दिसलाच नाही. फलक दिसला. मी गाणाऱ्या माशांच्या चित्रपटावर खूण केली. त्याविषयी वहीत मी दोनच शब्द लिहिले होते: गोड, पोकळ.

"झालं का?" धाकटीने विचारले.

"झालं," मी म्हटले.

पुरस्कार माशांना मिळाला. किती मतांनी, ते मंडळ कधीच सांगत नाही. एका मताने काही झाले नसेल, असे मी सहा वर्षे स्वतःला सांगितले. ते खरेही असेल. धाकटीने मात्र आपण कमी पडलो असे मनाला लावून घेतले आणि पुढल्या वर्षी प्रचाराचे काम सोडले. मी तिला बरे झाले म्हणाले.

गेल्या महिन्यात माझ्या छातीचा फोटो बघून डॉक्टरीणबाईंनी मला आधी खुर्चीवर बसायला सांगितले. त्या संध्याकाळी मी गॅरेजात जाऊन बाहुलीवालीला सगळे सांगितले. ती एका बाहुलीचे मनगट वाकवत होती. ते तिने पूर्ण वाकवले, मग हात पुसले.

"एकटीने हा शब्द मी खोडायला सांगू शकले असते, मावशी," ती म्हणाली. "नाही सांगितलं. मला बक्षीस हवं होतं."

मग मी तिचे नवे काम पाहिले. एक बाई पाण्याखाली पत्र वाचते. पाणी कशाचे केले होते ते मला ओळखता आले नाही. मी अडतीस वर्षे हातांनी काम केले आहे, तरी ओळखता आले नाही. मला इतका हेवा वाटला की मी कबूल केलेली चूक विसरून दुसऱ्या दिवशी पुन्हा बघायला गेले. कामाची खोली तिला का, ह्याचे उत्तर एवढेच.

निघताना मी हे मृत्युपत्रात लिहिणार म्हणाले, तेव्हा ती म्हणाली, की धाकटीला मेल्यावर कागदातून कळवू नका, जिवंतपणी सांगा. मी हो म्हटले आणि घरी येऊन हे कलम लिहिले, म्हणजे सांगावे लागू नये.

पुरवणी. वरचा मजकूर लिहिल्यावर बारा दिवसांनी, त्याच शुद्धीत.

हा कागद साक्षीदारांपुढे नेण्याआधी मला झोप येईना, म्हणून धाकटीला घरी बोलावले आणि सातवे कलम वाचून दाखवले. ती शेवटपर्यंत ऐकत होती. मला वाटले, आता विश्वासघात म्हणेल, माझी सभासदकी गेली असती म्हणेल.

ती म्हणाली, "मासे? ताई, द्यायचंच होतं तर जरा बरा तरी निवडायचास."

मग ती उठून गेली. चहा तसाच राहिला. चार दिवस फोन नाही. पाचव्या दिवशी संगणक काखेत मारून जिना चढून आली आणि म्हणाली, ह्या वर्षी पाचही चित्रपट बघितल्याशिवाय मत देणार नाही, आणि ते तुझ्याबरोबर बघणार. आम्ही रोज एक पाहिला. ती झोपली नाही. मधेच थांबवून, हे त्यांनी कसे केले असेल, असे विचारत होती. मला ठाऊक होते तेवढे मी सांगितले.

आज सकाळी तिने मत दिले. माझ्या मते पाचांत चौथा होता, त्याला दिले. मी तिला तीन कारणे सांगितली. तिने तिन्ही ऐकली आणि तरी त्यालाच दिले. तिला तो मनापासून आवडला आहे. ती चुकते आहे, आणि ह्या घरात, ह्याच टेबलाशी, तिला हवे तितके चुकण्याचा हक्क मी तिला कलम २ अन्वये देत आहे. त्या कलमातले 'मनापासून देते आहे असे खोटे लिहिणार नाही' हे वाक्य खोडावे.

हे सर्व मी वाचून पाहिले, ते माझेच आहे.

ठिकाण: राहते घर, पुढची खोली.
दिनांक: मतदान संपण्याचा दिवस, दुपारी.

(सही) कवळ्या बनवणारी, थोरली बहीण

पुरवणीसह हा कागद बाईंनी आमच्यासमोर सही केला, आणि आम्ही दोघांनी त्यांच्यासमोर व एकमेकांसमोर सह्या केल्या. आम्हाला ह्यातून काही मिळत नाही.

साक्षीदार १: (सही) दंतवैद्य, ज्यांच्या मागच्या खोलीत बाईंनी अडतीस वर्षे काम केले.
साक्षीदार २: (सही) तळमजल्यावरचा शिंपी. सही करताना पुढच्या खोलीत दोघी बहिणींचा चौथ्या चित्रपटावरून वाद चालू होता, म्हणून दोनदा थांबावे लागले.